तिसरा मॉनिटर

मॉनिटर निवडण्यात माझे दहा आठवडे गेले. पुढे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी बोटांवर मोजून तेवढे सांगितले आणि त्यांनी ते कागदावर लिहून घेतले. त्या दहा आठवड्यांबद्दल मला लिहायचं आहे. लिहून काही परत येणार नाही, हे ठाऊक आहे. अक्षरं बोटाएवढी मोठी करून, थांबत थांबत टाइप करतेय.

मी नकाशे काढायची. जुने गावनकाशे स्कॅन होऊन यायचे, पिवळट कागद, केसाएवढ्या शाईच्या रेघा, कन्नड आकडे, आणि त्यांवरून शेतांच्या हद्दी संगणकावर उतरवायच्या. एक बांध झाला की दुसरा. ज्याला या कामाचा कंटाळा येतो त्याला पहिल्याच दिवशी येतो. मला सव्वीस वर्षांत आला नाही. उजवा डोळा माझा लहानपणापासून आळशी. त्यानं दारात कुणीतरी आलंय एवढं कळतं, चेहरा कळत नाही. सगळं काम डाव्यानं केलं, आणि त्यालाही उणे बाराची काच. तरी रेघ कुठे तुटलीय हे ऑफिसात माझ्याइतकं लवकर कुणाला दिसायचं नाही. मला त्याचा गर्व होता, तो मी कधी लपवलाही नाही.

ऑफिस शहराच्या एका टोकाला व्हाइटफील्डला, घर दुसऱ्या टोकाला बनशंकरीला. रोज दोन तास जायला, दोन तास यायला. मग ऑफिसनं अर्धी जागा सोडली आणि आम्हा जुन्या लोकांना घरूनच काम करायला सांगितलं. घरी एक छोटा डेस्कटॉप पाठवून दिला. छोटा म्हणजे खरोखरच छोटा, मसाल्याच्या डब्यापेक्षा लहान, तळहातावर मावेल असा. सोबत मॉनिटर नव्हता. तो ज्याचा त्यानं घ्यायचा.

टेबलाला आमच्या घरात एकच जागा होती, झोपायच्या खोलीत कपाट आणि खिडकी यांच्या मधली. नवऱ्यानं टेप लावून मोजलं. ते एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेत. घरात काहीही आणायचं तर आधी टेप निघते.

"तेवीस इंच," ते म्हणाले. "त्याच्यापेक्षा एक दोरासुद्धा जास्त नको."

म्हणजे मोठा सत्तावीस इंची बसणार नव्हता. चोवीस इंची बसत होता, कारण ते माप तिरकं असतं, रुंदीचं नव्हे. हे मला दुकानात कळलं. दुकान एस. पी. रोडच्या एका बोळात, पहिल्या मजल्यावर. माझ्याच वयाची एक बाई ते चालवायची. तिच्याकडून मी साधा चोवीस इंची मॉनिटर घेऊन आले.

दोन दिवस आनंदात गेले. मग मला वाटायला लागलं की अक्षरांच्या कडा फुटल्यासारख्या दिसताहेत. मी व्हिडिओ बघितले, वाचलं, आणि मला कारणही सापडलं: एवढ्या पडद्यावर ठिपके कमी, म्हणून अक्षर भरड दिसतं. कारण खरंच होतं, हेच वाईट झालं. पूर्ण चुकीचं असतं तर मी लवकर दुसरीकडे बघितलं असतं. मी दुकानात परत गेले. त्या बाईनं तक्रार न करता तो ठेवून घेतला आणि जास्त ठिपक्यांचा दुसरा दिला.

"हा बघा अक्का, स्वल्प महाग, पण अक्षर नीट दिसेल," ती म्हणाली.

अक्षर नीट दिसलं. पण आठवड्याभरात पडद्याच्या मधोमध मला एक वेगळीच गोष्ट दिसू लागली. एका शेताची सरळ हद्द मध्येच थोडी आत गेल्यासारखी. नजर मधेच ठेवून तीच रेघ बाजूला सरकवली की सरळ. मधे आणली की पुन्हा आत. मी ठरवलं, पडद्याच्या काचेतच दोष आहे. केबल बदलून पाहिली. अक्षरं मोठी केली, लहान केली. पडदा तिरका करून पाहिला. नवरा मागे उभं राहून बघत होते.

"मला तर सरळ दिसतेय गं," ते म्हणाले.

"तुम्हाला सवय नाही."

मग ते म्हणाले, "स्क्रीनचं राहू दे. एकदा डोळे दाखवून ये ना."

मी खुर्ची फिरवली. तेव्हाचे माझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, आठवू नयेत असं वाटतं तरीही. "पंचेचाळीस वर्षं चष्मा लावतेय मी. माझे डोळे मला कळत नाहीत? पिक्सेल म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी कॉफी टाकली, माझा पेला टेबलावर आणून ठेवला, आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

मी मात्र आता ईर्ष्येला पेटले होते. महिनाभर शोधाशोध केल्यावर मी वाचलं की चोवीस इंचांतच, पण चौपट ठिपक्यांचा मॉनिटर मिळतो. लहान आणि लख्ख. तो दुकानात कुणी ठेवत नाही, कारण लोकांना मोठाच हवा असतो. बाईनं चार ठिकाणी फोन केले आणि म्हणाली, मागवून देते, तीन आठवडे लागतील. मी "सरी" म्हटलं, चालेल. ते तीन आठवडे मी त्या आत गेलेल्या रेघांवरच काम केलं. आत जाणं वाढत होतं. मधे एक करडा डागही दिसायचा, पुसलेल्या पाटीवर राहतो तसा. मी रोज सकाळी मऊ फडक्यानं पडदा पुसायची. डाग गेला नाही की वाटायचं, बरं झालं, हा परत करायलाच हवा.

मॉनिटर आल्याचा फोन आला तेव्हा मी पेनड्राइव्हमध्ये एक नकाशा घालून घेऊन गेले. या खेपेला दुकानातच बघून घ्यायचा होता. बाईनं खोकं उघडलं, पडदा लावला, माझा नकाशा उघडला. माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं मी खूश होईन.

मी म्हटलं, "हाही वाकडा आहे."

"काय वाकडं?"

"ही हद्द. इथे मधे बघा, आत गेलीय."

तिनं वाकून बघितलं. चष्मा काढून बघितलं. मग खणातून स्टीलची पट्टी काढली आणि पडद्यावर त्या रेघेला लावून धरली.

"गेरे नेट्टगे इदे, अक्का," ती हळूच म्हणाली. रेघ सरळच आहे.

मी पट्टीकडे बघितलं. पट्टीही मधे आत गेली होती.

मग मी डाव्या डोळ्यावर हात ठेवला. उजव्याला सगळं अंधुक, पण पट्टी सरळ. हात काढला, की पुन्हा वाकडी. मी आणखी दोनदा तसं केलं. बाईनं माझ्या दंडाला धरून मला स्टुलावर बसवलं. "एनायितु, अक्का?" काय झालं, असं ती विचारत राहिली. तिनं पाणी दिलं, समोरचं गिऱ्हाईक परत पाठवलं, माझ्या फोनवरून नवऱ्याला बोलावून घेतलं. ते येईपर्यंत ती माझ्याशेजारी बसून होती.

मॉनिटर मी घरी घेऊन आले. तिनं एवढ्या लांबून मागवलेला. तो तिथे ठेवून निघायची मला लाज वाटली. रिक्षात खोकं आमच्या दोघांच्या मधे होतं.

दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी चौकटी आखलेला कागद माझ्यासमोर धरला, मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं, आणि रेघा कुठे वाकतात ते विचारलं. मग डोळ्यांत थेंब, मग फोटो. फोटोत माझ्या डोळ्याच्या आतली बाजू नारिंगी दिसत होती आणि तिच्या मधोमध एक मळकट ठिपका.

"अम्मा, एवढा मोठा नंबर असला की डोळ्याचा मागचा पडदा ताणून पातळ होतो," त्या म्हणाल्या. "तिथे नवी नाजूक रक्तवाहिनी फुटते आणि झिरपते. हे कधी सुरू झालं?"

"दहा आठवडे."

त्यांनी ते लिहिलं. "आधी का नाही आलात?"

नवरा खाली बघत होते. मी म्हटलं, "मला वाटलं मॉनिटर खराब आहे."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, इंजेक्शनं देऊ, डोळ्यातच द्यावी लागतात, झिरपणं थांबेल. पण मधे जो व्रण धरलाय तो जाणार नाही. पहिल्या एक-दोन आठवड्यांत आला असतात तर गोष्ट वेगळी असती.

तीन महिन्यांत तीन इंजेक्शनं झाली. झिरपणं थांबलं. डाव्या डोळ्यानं आता मी ज्याच्याकडे बघेन तेच दिसत नाही. त्याच्या आजूबाजूचं दिसतं. माणसाकडे बघितलं तर त्याचे कान, खांदे, मागचा दरवाजा. चेहऱ्याच्या जागी करडं.

तरी मी कामाला बसले. मला वाटलं, हा पडदा एवढा लख्ख आहे, नकाशा दहापट मोठा करीन, जमेल. एक गाव पूर्ण करायला पूर्वी मला चार दिवस लागायचे. त्या वेळी महिना लागला. ऑफिसनं ते तपासून परत पाठवलं. दोन शेतांमधला अख्खा बांध मी ओढलाच नव्हता. दोन माणसांची जमीन मी एक करून टाकली होती. सव्वीस वर्षांत माझं काम कधी असं परत आलं नव्हतं.

मी ऑफिसात फोन केला आणि काम सोडतेय असं सांगितलं. पलीकडची मुख्य बाई म्हणाली, "विश्रांती घ्या, बरं वाटलं की परत या." परत येणं होणार नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. मी "सरी" म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या दुपारी नवरा पलंगाच्या कडेला येऊन बसले. म्हणाले, "मी एकदाच बोललो. दुसऱ्यांदा बोलायला हवं होतं. तू चिडशील म्हणून बोललो नाही."

मी त्यांना म्हणायला हवं होतं की तुम्ही एकदा बोललात तेच पुष्कळ होतं, ऐकलं नाही ते मी. तेच खरं आहे. मी त्यांच्याकडे तोंड वळवलं. त्यांचा शर्ट दिसला, पलंगाची दांडी दिसली. ते रडत होते की नाही, मला दिसत नव्हतं, आणि विचारायचं धैर्य झालं नाही. थोड्या वेळानं ते उठून गेले.

ते वाक्य मी अजून बोललेलं नाही. रोज सकाळी ठरवते. ते माझ्यासाठी पेपरातले मथळे मोठ्यानं वाचतात, मधेच थांबतात, पुढचं पान उलटतात, आणि मी ऐकत राहते.