दोनदा ‘ठीक’ ठरलेलं तोंड

ती बसत नाही. माझ्याकडे आली तरी खुर्चीच्या कडेला टेकते आणि एक पाय दाराकडेच ठेवते. आमच्या भागातली आरोग्यसेविका आहे. तंबाखू चघळणाऱ्यांची तोंडं तपासायची आणि ती सवय सोडवायची, हे तिचं काम. हातात कायम बॅटरी, म्हणून कारखान्यांतले लोक तिला टॉर्चताई म्हणतात. शेजारीण म्हणून मी तिची मावशी. तिला कुणी शांत, समर्पित वगैरे म्हटलं की मला हसू येतं. पायाला भिंगरी आणि तोंडाला लगाम नाही, म्हणून तर आमचं जमतं.

पत्रा दाबून डबे करणाऱ्या एका कारखान्यात ती दर सहा महिन्यांनी जेवणाच्या सुट्टीत जाते. तिथे जवळजवळ प्रत्येकाच्या गालात सुपारी-तंबाखू. यंत्रापुढून उठता येत नाही, भूक मरते, डोळा लागत नाही. कारणं तयारच असतात. या चघळण्याने गालाची आतली कातडी हळूहळू ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं. म्हणून पहिली चाचणी साधी: आपलीच तीन बोटं एकावर एक धरून दातांमध्ये घालायची. गेली तर ठीक. मग बॅटरी मारून गाल बघायचे.

“टॉर्चताई, याची जीभ तेवढी कापून न्या. बायको दुवा देईल,” मागून कुणीतरी ओरडायचं.

“आधी तुझी बघू दे,” ही म्हणायची आणि रांग पुढे सरकायची.

शेवटी वस्ताद. प्रेसवरचा सगळ्यात जुना कामगार, बाकीच्यांना काम त्यानेच शिकवलेलं. त्याचा नंबर लागेपर्यंत भोंगा वाजायला आलेला असे. तो तोंडाशी हात न्यायचा, भुवया उडवायचा, “पास?” म्हणायचा. ही बॅटरी न मारताच कार्डावर ‘ठीक’ लिहून मोकळी. असं दोनदा झालं.

एका मंगळवारी दुपारी ती माझ्या टेबलावर त्या कार्डांच्या आपल्याकडच्या प्रती लावत होती. माझ्या दोन बोटांना सुरी लागून पट्ट्या बांधलेल्या. गंमत म्हणून मी हात तोंडाकडे नेला.

“माझंही तपास की.”

“मावशी, पट्टीची बोटं धरत नाहीत,” ती हसली. आणि हसता हसता उभीच राहिली. “वस्तादला बोटं आहेत कुठे?”

वस्तादच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं बारा वर्षांपूर्वी प्रेसखाली अर्धी गेली होती. तोंडात जायचं ते फक्त पहिलं बोट; थोटकं ओठांना टेकायची. त्या कारखान्यात असे हात इतके, की बघणाऱ्याला ते दिसेनासेच होतात.

“पहिल्या तपासणीला दहा महिने झाले, मावशी. दहा!”

“मग इथे उभी राहून मला काय सांगतेस?” मी म्हटलं.

कारखान्यात तो नव्हता, पाळी संपवून घरी गेला होता. ही तडक त्याच्या घरी. दार त्याच्या बायकोने उघडलं. आत वस्ताद दुधात कुस्करलेला पाव चमच्याने खात होता.

“हे कधीपासून?”

“आधी तिखट सोडलं,” बायको म्हणाली. “मग मोठा घास नको. आता सगळं कुस्करून. काही विचारलं की कार्ड नाचवतात.”

“नाचवणारच. ताईंनीच लिहिलंय,” वस्ताद म्हणाला.

“डावा हात, वस्ताद. तीन बोटं.”

“अहो, जेवू तरी द्या...”

“डावा हात.”

एक बोट गेलं. दुसरं नखापाशी अडलं. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत जोर करत राहिला.

“हा हात जाडा आहे माझा,” तो म्हणाला. कुणी हसलं नाही.

“चूक माझी आहे,” टॉर्चताई म्हणाली. “मी कार्डाकडे बघत होते, तुमच्याकडे नाही.”

“मला वाटलं, बघूनच लिहिताय.”

“आणि तुमचा घास तुम्हाला कळत नव्हता?” बायको उसळली.

“कळत होता गं. पण ठीक लिहिलेलं होतं ना.”

टॉर्चताईने त्याच्या कार्डावरचे दोन्ही ‘ठीक’ खोडले, शेजारी सही केली. “उद्या आठला हॉस्पिटल. मी दाराशी असेन.”

“उद्या डबल पाळी आहे.”

“मग मी तुमच्या फोरमनच्या टेबलावर येऊन बसते.”

तो आला. गाल आतून पांढरा आणि कडक झाला होता; एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवालाला आठ दिवस. त्या आठ दिवसांत तिने माझं डोकं खाल्लं. साधी मोजपट्टी घेऊन तिने अख्खा कारखाना पुन्हा तपासला. बोटं गेलेले आणखी चौघे निघाले, त्यातल्या एकाचं तोंड अर्धंच उघडत होतं. यंत्रं थांबली म्हणून फोरमन कटकट करत होता. त्याचंही तोंड तिने मोजलं.

वस्तादला कर्करोग नव्हता. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: जे ताठ झालंय ते फारसं सुटणार नाही, तोंडाचा व्यायाम रोज, आणि ही चघळणी चालू राहिली तर पुढच्या वेळी अहवाल असा येईलच असं नाही.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, “दहा महिन्यांपूर्वी कळलं असतं तर?”

दुसरं कुणी म्हणालं असतं, आता कशाला तो विचार. ही म्हणाली, “तर दोन बोटं तोंडात गेली असती. कदाचित तीन.”

खिशातली पुडी काढून त्याने सोबत आलेल्या बायकोच्या हातावर ठेवली. टॉर्चताईकडे बघितलंही नाही.

तिसऱ्याच दिवशी त्याने नवी घेतली. बायकोने कळवलं, ही धावली, भांडण झालं, पुडी गटारात गेली. मग बावीस दिवस कोरडे. काल ती माझ्या दारात उभी असताना त्याचा फोन आला: एक चिमूट घेतली, आणि उरलेली समोर आहे. मग शिव्या. मला दोन हातांवरून ऐकू येत होत्या.

“माझ्यावर कशाला ओरडता?”

“मग कुणावर ओरडू? ठीक कुणी लिहिलं होतं?”

“ओरडा. पण तोंड नीट उघडून ओरडा, तेवढाच व्यायाम.”

पलीकडे तो हसला की खोकला, तिला कळलं नाही. कळायला ती थांबलीही नाही. दुसरी चिमूट तोंडात जायच्या आत तिला पोचायचं होतं.