भाच्याच्या कादंबरीतला मामा

भाच्यानं कादंबरी लिहिली तेव्हा मी केलगेरीत राहत होतो आणि सुभाष रोडच्या दुकानात गाद्यांत कापूस भरत होतो. शिक्षण चौथीपर्यंत. त्यामुळे न वाचताच कादंबरीबद्दल माझं मत पक्कं झालं.

आमच्या दोन घरांत साटंलोटं. माझी धाकटी बहीण हुबळीला दिलेली, तिच्या नवऱ्याची बहीण माझी बायको. बहिणीची सासू तीच माझी सासू. बहिणीचा मुलगा, म्हणजे हा भाचा, मला दोन्हीकडून मामा म्हणतो. कादंबरी अशाच एकमेकांत गुंतलेल्या घरांची. एका गिऱ्हाइकानं गादी दाबून बघत सांगितलं, "तुम्ही आहात की त्यात. दर लग्नात रुसून मांडवाबाहेर बसणारा मामा."

मी आणि रुसतो? डोकंच फिरलं. पंचमी जवळ आली होती. आमच्याकडे पंचमीला भाऊ जाऊन बहिणीला माहेरी आणतो. मी घरात सांगून टाकलं, यंदा हुबळीला जाणार नाही. मी रुसत नाही हे दाखवायला दुसरा उपाय सुचला नाही.

बायको म्हणाली, "तुम्ही तिला आणलं नाही तर माझा भाऊ मला न्यायला येईल होय? दोघींची पंचमी बुडवताय."

"बुडू दे."

मग मी वाट बघत बसलो, समजूत काढायला कोणीतरी येईल म्हणून. कोणी फिरकलं नाही. पंचमीच्या आदल्या दिवशी बायकोनं शेंगांच्या उंड्या, म्हणजे दाण्याचे लाडू, डब्यात भरले आणि एकटीच हुबळीच्या बसला गेली. दुपारी बहीण दारात उभी. तीही एकटी. शेजारच्या फोनवरून दोघींचं आधीच ठरलं होतं.

"न्यायला कोणी आलं नाही म्हणून सासूनं ऐकवलंय, अण्णा," ती म्हणाली. "परत पोचवायला तरी चल. एकटी गेले तर जन्मभर ऐकावं लागेल."

तिनं पिशवीतून कादंबरी काढली आणि मोठ्यानं वाचायला लागली. मी तिच्याकडे पाठ करून ऐकत होतो. पहिल्या पंगतीत पान मांडलं नाही म्हणून मामा मांडवातून उठून जातो. मला हसू आवरेना.

"हे तर दाजी. हुबेहूब तुझा नवरा."

"पुढं ऐक."

पुढं पंगती उठल्यावर मामा मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरतो आणि बहिणीच्या हातच्या पुरणाच्या पोळ्या मागून मागून खातो. माझं हसू थांबलं. हे आम्हा दोघांशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

"त्याला कुणी सांगितलं?"

"मी. लहानपणी रात्रंदिवस विचारायचा, मामा उपाशीच गेला का म्हणून."

पोळ्या एवढ्या नव्हत्या, इतकंच म्हणालो.

पंचमी झाल्यावर तिला साडी घेतली आणि पोचवायला निघालो. हुबळीत सासूबाई कट्ट्यावरच बसल्या होत्या. त्यांनी सुनेकडे बघितलं, मग मागं पिशवी धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे, आणि पाय आवरून तिला वाट दिली. बहिणीचं काम झालं.

आतून बायको भाच्याला म्हणाली, "तुझ्या मामाला बाहेर खुर्ची टाक रे. दहादा या म्हटल्याशिवाय ते आत येत नाहीत."

तो खुर्ची आणेपर्यंत मी चप्पल काढून आत पाटावर बसलो होतो. या असं कोणी एकदासुद्धा म्हटलं नव्हतं. भाचा खुर्ची धरून दारात तसाच उभा राहिला. त्याच्या पुस्तकात हे नव्हतं.