कशावरूनबाई आणि अर्धवट राहणारी सफाई

कशावरूनबाईंची आणि प्रस्तुत लेखकाची ओळख एका ट्रॅक्टरमुळे झाली. ट्रॅक्टर पुतण्याचा होता आणि तो चालविणारा काका म्हणजे प्रस्तुत लेखक. यापुढे त्यास काका असेच म्हटले आहे, कारण हकीकत बाईंची आहे आणि तीत लेखकाने सारखे मध्ये येणे शोभत नाही.

बाईंचे वडील पाण्याचे पंप दुरुस्त करीत. आठ वर्षांच्या असताना बाईंनी आईचे शिवणयंत्र उघडले. पुन्हा जोडले तेव्हा दोन स्क्रू उरले, तरीही यंत्र चालले. "मग ते दोन होते कशाला?" असे विचारून त्यांनी घरच्यांना आठवडाभर भंडावून सोडले. पुढे त्या स्वतः मिस्त्री झाल्या. गिऱ्हाईक म्हणे, "पंप गेलाय." बाई विचारीत, "कशावरून?" तेच नाव त्यांना चिकटले. त्यांना त्याचा राग नव्हता.

त्या दिवशी ट्रॅक्टर बाईंच्या शेडमध्ये आणला तेव्हा पुतण्या घाईत होता. पेरणीला चार दिवस उरले होते आणि ट्रॅक्टर चढावर मेल्यागत चालत होता. नऊ हजार आठशे तास चाललेले ते इंजिन पहिल्या तासापासून काकांच्याच हाताखाली होते.

"ताई, ही धुराची गाळणी कापून टाका," पुतण्या म्हणाला. "ट्रॅक्टरच्या संगणकातली फाईल बदला, म्हणजे तो गाळणी शोधणारच नाही. आणि हात लावताच आहात तर थोडी ताकदही वाढवा."

"या वयात त्याला कुस्तीला उतरवायचंय का?"

"चेष्टा नको. नाहीतर मी तो विकून मोकळा होतो."

काका दाराशी उभे होते. ट्रॅक्टर गेला की आपण घरात बसून माशा मारणार, हे त्यांना लख्ख दिसत होते. म्हणून तेही म्हणाले, "कापा बाई. गाळणीच खराब आहे."

"कशावरून, काका?"



बाईंनी पूर्वी अकरा ट्रॅक्टरांच्या गाळण्या काढल्या होत्या. ते काम कायद्याला धरून नाही, हे त्यांना ठाऊक होते. सगळेच करतात म्हणून त्याही करीत. एकदा त्यांनी शेडची मागची भिंत पुसली. फडके डांबरासारखे काळे झाले. बाजूच्या भिंतीवर दुसरे फडके फिरविले, तर ते फक्त मळले. मागच्या भिंतीकडे गाळणी काढलेल्या ट्रॅक्टरांचे धुराडे असे. त्या दिवसापासून त्यांनी ते काम बंद केले. हे त्यांनी पुतण्याला सांगितले. तो म्हणाला, "भिंतीचं राहू द्या हो, माझ्या शेताचं बोला."

"बोलते. आधी याला विचारू या," असे म्हणून बाईंनी उशीच्या अभ्र्यातून लॅपटॉप काढला आणि ट्रॅक्टरला तार जोडली. बराच वेळ त्या गालावर बोट ठेवून वाचत राहिल्या. मग त्यांचे डोळे चमकले.

"गंमत बघा. गाळणीत साठलेली काजळी जाळायला इंजिन स्वतःच सफाई सुरू करतं. या हंगामात त्रेचाळीस वेळा केली. पुरी एकदाही झाली नाही. दर वेळी चार-पाच मिनिटांत इंजिन बंद. का बरं?"

 बाईंनी काकांना आसनावर बसवून इंजिन सुरू करावयास सांगितले आणि काहीच न बोलता लॅपटॉपवरून सफाईची आज्ञा दिली. इंजिनाचा आवाज वाढला. काकांसमोरच्या ट्रॅक्टरच्या पडद्यावर नारिंगी चित्र आले आणि त्याखाली अक्षरांची ओळ. पाठोपाठ तापल्या लोखंडाचा वास सुटला. काकांचा हात किल्लीवर गेला आणि इंजिन बंद झाले.

"काका, का बंद केलंत?" बाईंच्या आवाजात राग नव्हता, खरोखरच जाणून घ्यावयाचे होते.

"पेटला असता ना! नारिंगी दिसलं की आधी किल्ली फिरवायची. चाळीस वर्षं तेच करतोय."

"अहो, खाली लिहिलंय की!" पुतण्या ओरडला. "इंजिन बंद करू नका म्हणून!"

"लिहिलं असेल," काका म्हणाले. "मला चित्र दिसलं."

काकांना अक्षरओळख नव्हती. घरात सर्वांना ते माहीत होते. पण ट्रॅक्टर चालवावयास वाचता यावे लागते, असे कोणाच्या डोक्यातच आले नव्हते.

बाईंनी सफाई पुन्हा सुरू केली. पन्नास मिनिटे लागली. तेवढा वेळ काका दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. वास आला, आवाज वाढला, चित्र लागले, आणि शेवटी आपोआप विझले. नंतर चढावर ट्रॅक्टर सुतासारखा सरळ गेला. फाईलला कोणी हात लावला नाही.

पुतण्या हळूच म्हणाला, "तरी वाटतं, आता वाचता येणारा ड्रायव्हर बघावा."

"क्लच कधी बदललात?" बाईंनी विचारले.

"बदलला नाही. पहिलाच आहे."

"नऊ हजार आठशे तासांत? मग असा ड्रायव्हर कुठे मिळतो ते मलाही सांगा."

पुतण्या हसला आणि किल्ली काकांच्या हातात देऊन पुढे चालू लागला. काका निघताना बाई ट्रॅक्टरच्या पायरीवर चढल्या आणि म्हणाल्या, "काका, एक विनंती आहे. वाचायला शिका. तोवर हे चित्र आलं की मला फोन लावा, आणि मी सांगेपर्यंत किल्लीला हात लावू नका." काका शिकले; ही हकीकत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली आहे.