घड्याळजींचा उशीर

आमचे हे घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं वेळेवर आणली, आणि स्वतः कुठे एक मिनिट उशिरा पोचले नाहीत. लग्नातसुद्धा आम्हा मुलीकडच्यांच्या आधी येऊन बसले होते, आणि वर माझ्या वडिलांना मनगट दाखवलं होतं! अशा माणसाला आमच्या तेरा वर्षांच्या नातीनं एके दिवशी लॅपटॉपमधून सुनावलं, "आबा, तुम्ही नेहमी उशिरा येता!"

नात म्हणजे ठकी. लेकीची मुलगी, राहते लांब, दुसऱ्या शहरात. फोनवर तिचं बोलणं म्हणजे "हो", "नाही" आणि "आई, घे." पण गेल्या वर्षी तिनं यांना गाड्यांच्या शर्यतीचा ऑनलाइन खेळ शिकवला आणि आजोबा-नातीची गट्टी जमली. खेळ जोडीचा. दोघांच्या दोन गाड्या, वाटेत फाटकं, आणि दोन्ही गाड्या पोचल्याशिवाय फाटक उघडत नाही. ठकी भुर्रकन पोचायची आणि आमचे हे मागे कुठेतरी खांबाला धडकलेले. "मी वळवली होती गं! गाडीच नंतर वळली!" असा आरडाओरडा.

शेवटी ठकीनं निर्वाणीचं सांगितलं. महिनाअखेरीच्या शनिवारी स्पर्धा होती. "तोवर तुमची इंटरनेटची लाईन सुधारा, आबा. नाहीतर मी वर्गातल्या मैत्रिणीला घेते."

हे त्या दिवशी धड जेवले नाहीत. कारण मला ठाऊक होतं. वर्षभरापासून यांचा उजवा हात थरथरतो. दुकान त्यापायीच बंद केलं. लेकीला मात्र सांगितलं, हल्ली घड्याळं घालतंय कोण! आणि मला दम भरला, "एक अक्षर बोलायचं नाही." आता यांना एवढंच हवं होतं, की दोष लाईनचा निघावा, हाताचा नको. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना? अंगण खरंच वाकडं निघावं म्हणून जीव टाकणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

आमच्याकडे तेव्हा मोबाईलच्या टॉवरवरून इंटरनेट घेणारी डबी होती. ती बदलायची ठरली आणि घरी कंपन्यांचे विक्रेते येऊ लागले. जो येई तो वेगाच्या बढाया मारी. दोनशेचा वेग, पाचशेचा वेग! हे शांतपणे ऐकून घेत आणि विचारत, "ते राहू द्या. उशीर किती?" विक्रेता गडबडायचा. मग हे त्यालाच शिकवत, की वेग म्हणजे एका वेळी किती माल येतो ते. खेळात माल मूठभरच असतो. आपण बटण दाबल्यावर निरोप तिकडे जाऊन परत यायला किती वेळ लागतो, ते महत्त्वाचं. एकजण तर चहा अर्धा टाकून पळाला. कुणाच्या नाकी नऊ आणायचे तर ते आमच्या यांनीच.

दुरुस्त केलेलं घड्याळ हे कधी लगेच गिऱ्हाईकाला देत नसत. तीन दिवस ठेवून घ्यायचे. पालथं, उताणं, टांगून तपासायचे. तसंच इथे सुरू केलं. खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई, समोरचे मास्तर, कोपऱ्यावरचा शिंपी, ज्याच्याकडे जी लाईन असेल तिथे हे लॅपटॉप घेऊन हजर. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सातला, म्हणजे सगळं गाव इंटरनेटवर तुटून पडतं तेव्हा. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "काकू, रोज तिन्ही वेळा येतात काका, आता दात तरी दाखवा म्हणावं." मास्तरांची पाचशेवाली लाईन संध्याकाळी धापा टाकायची. शिंप्याची फायबरची, वेगानं साधीच, पण उशीर तिन्ही वेळा सारखा. "ही चालते घड्याळासारखी," हे म्हणाले, आणि तीच घेतली.

आणि घरी तिचीच दशा झाली! उशिराचा आकडा कधी वीस, कधी तीनशे. गाडी खांबावरच. तक्रार केली, माणूस आला, तपासलं, लाईन उत्तम. तो गेला की पुन्हा तेच. दुसऱ्यांदा आला, पुन्हा उत्तम! हे रात्रंदिवस हाताकडे बघू लागले. मला बघवत नव्हतं.

शुक्रवारी तिसऱ्यांदा तक्रार गेली. या वेळी एक लाईनवाल्या बाई आल्या, दुपारी तीनला सांगून दोनलाच. हे गडबडले. बाईंनी विचारलं, "काका, वायफायचा डबा कुठाय?"

"कपाटात."

"कपाटात?"

"अहो, बाहेर धूळ किती! घड्याळं ठेवायचं कपाट आहे माझं. लोखंडी, दुहेरी दाराचं. मागे भोक पाडून वायर आत घेतली. धुळीचा कण शिरत नाही."

"तसा तुमचा वायफायही बाहेर पडत नाही," बाई म्हणाल्या आणि खुर्चीवर बसून पोट धरून हसल्या. "मग आमचा माणूस आला तेव्हा?"

"तेव्हा काढून, पुसून टेबलावर ठेवायचो. पाहुण्यासमोर नीट नको दिसायला?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि मीही कसली शहाणी, रोज त्या कपाटावरचं फडकं बदलत होते. बाईंनी डबा टेबलावर काढला, त्यातून एक वायर थेट लॅपटॉपला लावली. आकडा नऊवर येऊन बसला तो हलेचना. यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! लाईनच वाकडी होती, हात नव्हे.

शनिवारी चारला शर्यत सुरू झाली. पहिलं फाटक झकास. दुसरंही. मग वळणं आली आणि यांचं बोट एकदा चुकलं, दोनदा चुकलं, गाडी भिंतीवर. कोपऱ्यात आकडा नऊच. तिसऱ्या फाटकाशी ठकीची गाडी उभी होती आणि बाकीच्या जोड्या पुढे चालल्या होत्या.

यांनी हात उचलून मांडीवर ठेवला. "ठके, लाईन चोख आहे. उशीर माझा आहे. वर्ष झालं, हात थरथरतो माझा. तू मैत्रिणीलाच घे, बाळा."

ठकीची गाडी फाटकाशीच घरघरत उभी.

"आबा," ठकी म्हणाली, "लाईन खराब असली ना, की तुमची गाडी मधेच दिसेनाशी व्हायची. तुम्ही येताय की गेलात, तेच कळायचं नाही. आज दिसताय मला. भिंतीला घासत का होईना, येताय. मग थांबते की मी!"

"हरशील गं."

"हरू देत. या तुम्ही."

यांनी हात पुन्हा बटणांवर ठेवला. बारा जोड्यांत अकरावे आले दोघं, आणि हे असे हसत होते जणू पहिला नंबर मारलाय. मी मात्र, लपवायचं कशाला, पदरात तोंड घालून रडले. मग डोळे पुसले, लेकीला फोन लावला आणि हाताचं सगळं सांगितलं. यांनी अडवलं नाही.