हितं गळतंय, पावणं

मुलगी बघायला गेलो तेव्हा भावी सासऱ्यांनी मला मुलीआधी भिंतीची चीर दाखवली. पोहे संपायच्या आत हाताला धरून मागच्या खोलीत नेलं, कपाट सरकवलं आणि म्हणाले, "हितं चिरलंय. आन् वर बघा, हितं गळतंय. बघून ठिवा, पावणं." हुंडा घ्यायचा नाही, असं मी मोठ्या मनानं ठरवून गेलो होतो. इथं तर माझ्याकडूनच घर दुरुस्त करून घ्यायचा बेत दिसत होता. छताकडं बघत मी म्हणालो, "बरं." त्या "बरं"वरच लग्न ठरलं.

हे माझे सासरे, बसाप्पामामा, कोल्हापूर आणि कर्नाटकाची हद्द यांच्या मधल्या एका लहान गावच्या नगरपालिकेत हेडक्लार्क होते. सरकारकडं अनुदान मागायचे प्रस्ताव लिहिण्यात हयात गेलेली, त्यामुळं पाहुण्याला आधी फुटकं-तुटकं दाखवायची सवय हाडात मुरलेली. "चांगलं दाखवून कुणाला काय मिळालंय?" असं विचारायचे. देवापुढं हात जोडतानाही सदऱ्याचं फाटकं कोपर पुढं करत असावेत.

नव्वदचं दशक संपता संपता नगरपालिकांची जकात बंद झाली. गावात येणाऱ्या मालावरचं हक्काचं उत्पन्न गेलं आणि त्याबदली सरकारचं अनुदान आलं. त्यावर पालिकेचं सहा खाटांचं प्रसूतिगृह चालायचं. ते बंद पडलं असतं तर गावच्या बाईला कळा सोसत एस.टी.नं कोल्हापूर गाठावं लागलं असतं. माझी बायको तिथंच जन्मलेली, आणि आता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली.

अशात पत्र आलं. सरकारची समिती पाहणीला येणार होती, आणि प्रसूतिगृहाचे पैसे चालू ठेवायचे की नाही, ते तिच्या शेऱ्यावर ठरणार होतं. मामांनी सगळ्यांना बजावलं, "कशालाबी हात लावायचा न्हाय. गळक्याखालचं घमेलंबी हलवायचं न्हाय."

ते कागदांच्या नकला काढायला कोल्हापूरला गेले आणि इकडं जमीलासिस्टरांनी, म्हणजे प्रसूतिगृहातल्या एकुलत्या एक नर्सनं, कंबर कसली. "पावणं येणार आन् त्यास्नी घमेलं दाखवू व्हय? माझ्या दवाखान्यात?" बायकांनी रुखवतातल्या चादरी आणल्या, पडदे आणले, नक्षीच्या कपबशा आणल्या. मी सोमवारची रजा टाकून शनिवारीच बायकोला भेटायला आलेलो. मला वाटलं, हा मामांचाच हुकूम. मी बँकेतला कारकून, घरचा बल्ब बदलायलाही शेजाऱ्याला बोलावतो. पण त्या दिवशी छपरावर चढून डांबरानं भोक बुजवलं आणि सासूबाईंनी दिलेला घरचा पंखा आत छताला घट्ट बसवला. आयुष्यात एक काम धड झालं, तेही नको तिथं.

सोमवारी मामा कोल्हापूरहून थेट समितीला घेऊनच आले आणि उंबऱ्यातच थबकले. समितीच्या मुख्य साहेबांनी हातातला मामांचा प्रस्ताव वाचला, वर बघितलं. "गळतंय कुठं?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं.

"गावानं स्वतःच्या बळावर छान ठेवलंय की," चहा घेत साहेब म्हणाले. "मग अनुदान कशाला?"

हे सगळं उसनं आहे म्हणावं तर पाहुण्यांदेखत बायकांचा पाणउतारा, गप्प बसावं तर प्रसूतिगृह गेलं. मामांनी एका खाटेवरच्या चादरीचं टोक उगाच सरळ केलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बायांनो, आपापलं सामान घिऊन जावा. पावणं हाईत तवरच."

कुणी हललं नाही. मग माझी बायको पोट सांभाळत उठली आणि पहिल्या खाटेवरची आपली चादर काढून घडी घालू लागली. एकेक करत सगळ्या उठल्या. गंजलेल्या खाटा उघड्या पडल्या, पडद्यामागची फुटकी तावदानं दिसली. मामांनी स्वतः घमेलं आणून माझ्या डांबराच्या बरोबर खाली ठेवलं.

"कपबशा ऱ्हाऊ द्या," जमीलासिस्टर म्हणाल्या. "च्या तरी संपू द्या त्यांचा."

साहेब भराभर चहा पिऊ लागले. मी स्टुलावर चढून पंख्याशी झटत होतो.

"ह्योबी माझ्या घरचा हाय, साहेब," मामा म्हणाले. "पण जावयानं बसवलाय. निघंना."

चहा संपवून समिती गेली. पुढं आदेश आला, अनुदान चालू. कारण लिहिलं नव्हतं. तोवर माझी लेक त्याच पंख्याखाली जन्मली होती. जमीलासिस्टर म्हणायच्या, चादरी बघून दिलं. निम्मं गाव म्हणायचं, चादरी काढल्या म्हणून दिलं. मी मामांना विचारलं.

"मलाबी न्हाय कळलं, पावणं," ते म्हणाले. "आता फुडच्या बारीला काय दाखवायचं, सांगा की."

त्यानंतर घरी पाहुणा आला की मामा कपाटाला हात लावायचे आणि तसाच मागं घ्यायचे.

काही वर्षांनी मामा गेले. तिसऱ्या दिवशी जमीलासिस्टर भेटायला आल्या. सासूबाईंजवळ बसून रडल्या, डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "समिती परत यायची हाय. चादरी घालू, का घमेलं ठिवू?"

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी उठून मागच्या खोलीत गेलो, कपाट सरकवलं, चिरेवरून बोट फिरवलं. मग बाहेर येऊन म्हणालो, "बरं."