आमच्या चौकातलं डांबर

लालबागच्या आमच्या चाळीतल्या चौकाच्या लाद्या म्युनिसिपालिटीने उखडल्या, असं सगळे आजही समजतात. त्या मी उखडवल्या. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

चौक फार मोठा नव्हता. चारी बाजूंनी चाळ, मध्ये काळ्या दगडाच्या जाड लाद्या, त्यांच्याखाली नुसती वाळू आणि माती. फटींतून गवत यायचं. गिरण्या चालू होत्या तोवर झोपण्यासाठी चौक कुणाला लागत नव्हता. आमच्या खोलीत गावाकडची माणसं पाळीपाळीने झोपायची. एक जण कामाला गेला की पाळीवरून आलेला दुसरा त्याच जागेवर आडवा व्हायचा. संप झाला आणि सगळे पुरुष एकदम घरी आले. खोली सगळ्यांना पुरणारी नव्हतीच, हे तेव्हा कळलं. त्या उन्हाळ्यात पुरुष चौकात झोपायला लागले. संध्याकाळी बायका धुण्याचं, तांदळाचं पाणी फेकून न देता लाद्यांवर ओतायच्या. ते फटींतून खाली मुरायचं, आणि जेवणं होईपर्यंत दगड असे गार व्हायचे की उघड्या पाठीला बरं वाटावं. संपाच्या काळात घरात धड आमटी नसायची, पण झोप चांगली लागायची.

संप संपल्याचं असं कुणी सांगितलंच नाही. माणसं एकेक करून गावी गेली. वडिलांना गिरणीने परत घेतलं नाही. पुढे माझं लग्न झालं तेव्हा खोलीत आम्ही तिघंच उरलो होतो, आई, वडील आणि मी. लग्न झालं त्या दिवशीच वडिलांनी वळकटी उचलली आणि ते चौकात गेले. पावसाळा सोडला तर मग तीच त्यांची जागा. आई मोरीजवळ पडद्याआड. मुलाचं लग्न झालं की बापाने बाहेर झोपायचं, ही चाळीतली रीत. त्यावर कुणी बोलायचं नसतं.

मी तेव्हा रस्त्याच्या एका कंत्राटदाराकडे रोजावर सुपरवायझर होतो. घोडपदेवच्या बाजूला डांबराचं काम चालू होतं. एकदा तो काही कामानिमित्त चाळीत आला, चौकात उभा राहिला आणि बुटाची टाच लादीवर आपटून म्हणाला, "असला माल आता मिळत नाही. एका शेठच्या बंगल्याची बाग करतोय. या लाद्या मला दे, बदल्यात इथे डांबर टाकून देतो. आणि तुझं कायमचं बघू."

मी विचार केला नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. वडील कुठे झोपतात ते मला ठाऊक होतं. सूर्य मावळल्यावरही डांबर किती वेळ तापलेलं राहतं, तेही ठाऊक होतं. दिवसभर त्याच्याच शेजारी उभा असायचो. तरी चाळीत सांगितलं, म्युनिसिपालिटीचं काम आहे, गणपतीचा मंडप नीट बसेल, फटींत पाय अडकून म्हातारी माणसं पडतात तेही थांबेल. लोक खूश झाले. कुणीतरी नारळ आणला आणि तो मलाच फोडायला लावला.

उन्हाळा आला. बायकांनी सवयीने पाणी ओतलं. वाफ आली आणि उरलेलं पाणी सरळ गटारात गेलं. शेजारची काकू गॅलरीतून म्हणाली, "काय रे साहेब, आमच्या पापडांची सोय केलीस. वाळवायला टाकले की भाजूनच निघतील."

"नवीन आहे काकू, बसेल हळूहळू."

"ते कशाला बसतंय? तूच बस एकदा त्याच्यावर."

सगळे हसले. मीही हसलो.

बाकीचे पुरुष आपापल्या दारापुढे गॅलरीत सरकले. वडिलांना ते जमेना, कारण दाराच्या आत नवं जोडपं होतं. ते चौकातच राहिले. खाली पोतं, त्यावर पुठ्ठा, त्यावर गोधडी. पाणी प्यायला उठलो की वरून दिसायचे, गुडघ्यांना मिठी मारून बसलेले. एकदा खाली गेलो.

"बाबा, वर चला."

"माका काय झाला? आत सून आसा. तू जा."

"तुम्हाला झोप लागत नाही."

"गिरणीत काय थंडी होती? जा म्हणतंय ना."

मी वर गेलो. दार लावून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते पार वाळले. दिवसाही बसल्या जागी डुलकी लागायची, जेवताना घास हातात राहायचा. मग गावी जातो म्हणाले आणि गेले. तिथेच वारले. चाळीत सगळे म्हणाले, संपाने माणूस खाल्ला. मी मान हलवली. संपाच्या माथी तेव्हा इतकं काही मारलं जात होतं की त्यात हेही खपून गेलं. माझी नोकरी तोवर कायम झाली होती.

आजही मी याच धंद्यात आहे. परळला गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरवाल्यांना आता आवारात गारवा हवा आहे. फिकट रंगाचे, पाणी मुरू देणारे ब्लॉक, वर ऊन परतवणारा पांढरा लेप. एसी लावलेल्या खोलीत एक तरुण इंजिनिअर पडद्यावर चित्रं दाखवत सांगतो की पाणी खाली मुरलं पाहिजे, तरच जमीन गार होते. मी शेजारी बसून मान डोलावतो. तिथल्या जमिनीवर कुणी झोपणार नाही, गाड्या उभ्या राहणार आहेत. या सल्ल्याचे मला पैसे मिळतात, आणि चांगले मिळतात.

आई माझ्याकडेच असते. वडिलांच्या तिथीला पान वाढते आणि गिरणीमालकांना शिव्या घालते. ते त्या शिव्यांना लायक होतेच, पण त्यातल्या काही माझ्या वाट्याच्या आहेत. त्या चुपचाप त्यांच्या नावावर जाऊ देत मी समोर बसून जेवतो. तिला वाचता येत नाही, म्हणून तर हे लिहायची हिंमत झाली. पण लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे. तिच्या नवऱ्याची झोप मी घालवली, संपाने नाही, हे तिच्यासमोर बसून मी तिला सांगायला हवं. ते अजून सांगितलेलं नाही.