विमा ठरला तवा मी मचानावर होतो

एका दिवशी जेवता जेवता बायकोनं विचारलं, "अजी, एखांद्या पाव्हन्याचा पाय मोडला तं आपन काय करू?"

म्या म्हनलं, "तेल लावू."

ती हसली नाई. तवाच मले समजाले पायजे होतं का गोष्ट मोठी हाय. पन मले समजाले टाइम लागते. शाळेत माह्यापेक्षा आमच्या बकऱ्या जास्त दिवस गेल्या, कारन त्याईले तिथलं गवत आवडे.

आमचं गाव ताडोब्याच्या बफरात, म्हनजे वाघाच्या जंगलाले लागूनच. घराच्या मांगच्या बाजूनं बायकोनं दोन खोल्या उभ्या केल्या, जंगल पाहाले येनाऱ्या लोकायसाठी. तिनंच केल्या म्हनतो, कारन भिंती लिपन्यापासून दरवाज्याले रंग मारेपर्यंत सगळं तिचं. माह्याकडं एकच काम होतं, भिंत सरळ हाय का नाई ते सांगाचं. ते बी मी मान वाकडी करून सांगे. लोकं फोनवर खोली ठरवते, रातभर राह्यते, पहाटे सफारीले जाते. जेवन ती बनवते. गप्पा मी बनवतो.

नाई म्हनाले एक वस्तू मी बी बनवली होती. घरामांगच्या सांदवाडीतल्या मोहाच्या झाडावर मचान. चढाले बांबूची निसनी, वर फळ्या. येनारा जानारा त्याच्यावर चढून फोटो काढे. फोनवर आमच्या घराचा जो फोटो दिसे तो बी मचानाचाच. मले वाटे का लोकं वाघ पाहाले नाई, माहं मचान पाहाले येऊन राह्यले.

"उद्या कोनी पडलं, केस झाली, तं हे घर जाईन," बायको म्हनली. "आपल्यापाशी दुसरं काय हाय?"

"मी हाव ना."

"म्हनूनच विचारून राह्यली."

मंग मूल गावच्या विमावाल्या चाचाले बलावनं धाडलं. आमच्या भागातल्या ट्रॅक्टर-गाड्यायचे विमे तेच करते. पानठेल्यावर मले एकानं सांगतलं होतं का राह्यत्या घराचा विमा सस्ता असते, धंद्याच्या घराचा महाग. मले लागलीच अक्कल आली. माह्याकडं अक्कल येते तवा नुकसान घेऊनच येते. दरवाज्यावरचा 'होमस्टे' लिवलेला बोर्ड काढला अन् गोठ्यात म्हशीच्या मांगं लपवला.

चाचा स्कूटरवरून आले. उतरल्या उतरल्या म्या म्हनलं, "राह्यतं घर हाय, चाचा. आमी दोघंच असतो."

तेवढ्यात मांगच्या खोलीतून घुग्घुसचं कुटुंब बाहेर आलं. नवरा-बायको. तो खदानीत डंपर चालवे, धुळीतून दोन दिवस सुट्टी काढून आला होता.

"हे कोन?" चाचानं विचारलं.

"माह्या साळ्याची मंडळी."

डंपरवाला म्हनते, "भाऊ, खोली किती वाजेपर्यंत खाली कराची?"

चाचानं खिशातून फोन काढला अन् मले दाखवला. त्याच्यात माहं मचान. "पत्ता मले याच्यावरूनच भेटला भाऊ."

मी अजून एक खोटं शोधूनच राह्यलो होतो, तं बायको गोठ्यातून आली. हातात बोर्ड. त्याच्यावरचं शेन तिनं पदरानं पुसलं, खिळ्याले लटकवला, सरळ केला. चाचाले म्हनली, "पाव्हने पैसे देऊन राह्यते, चाचा. जे खरं हाय तेच लिवा."

"महाग पडन बाई."

"अन् खोटं लिवलं तं?"

"सस्तं पडन. फक्त गरज पडली तं काहीच भेटन नाई."

"मंग ते सस्तं कसं झालं?"

चाचानं टोपी काढून डोकं खाजवलं. म्हने, "बाई, चला, घर दिखाओ."

आता घर दाखवाचं म्हनजे चांगलं चांगलं दाखवाचं असते का नाई? ही एक एक खोट दाखवत निघाली. न्हानीतली फरशी ओली झाली का घसरते. विहिरीची मुंडेर बुटकी हाय. पानी तापवाचा बंब वाटेतच ठेवला हाय. माकडायनं छपराचे कवेलू ढिले केले. मोहफुलं पडाच्या दिवसात पहाटे झाडाखाली अस्वल येते. मी मांगून खोकून राह्यलो, खुनावून राह्यलो. पोरगी पाहाले पाव्हने यावं अन् आईनंच सांगावं का पोरीले कमी ऐकू येते, असं मले वाटून राह्यलं.

म्हनून मी मोठा विषय काढला. "चाचा, वाघाचा विमा असते का?"

"वाघ कधी आंगनात आला?"

"नाई."

"अन् न्हानीत कोनी घसरलं?"

बायको म्हनली, "दोघं घसरले. त्याच्यातले एक हेच."

असं करत करत आमी मोहाखाली आलो. चाचानं वर पाह्यलं. "हे कोनं बांधलं?"

"म्या!" सकाळपासून पयल्यांदा मी खरं बोललो.

"मजबूत हाय?"

असं विचारल्यावर मानूस खाली कसा राहीन? सरसर चढलो. वरच्या पायरीवरून फळीवर पाय ठेवला, तसा खालून कडकड आवाज आला. पायरी तुटली, अन् राह्यलेली निसनी आडवी होऊन जमिनीवर पडली. मी वर, निसनी खाली.

"भाऊ, वाघ दिसते का?" डंपरवाला वरडला. त्याच्या बायकोनं फोटो काढला.

माही बायको मातर धावत आली. चेहरा पांढरा पडला होता. "लागलं का?"

"नाई."

"हात-पाय हालवून दाखवा."

म्या हालवले. "मंग बसा तिथीच," ती म्हनली. "चाचा, तुमी खाटेवर बसा. मी चहा आनते."

आमच्या घराचा विमा असा ठरला. ते दोघं झाडाखाली, खाटेवर कागद पसरून, अन् मी वर, मुंग्याईत. माह्या जिंदगीत पयल्यांदा बायको बोलत होती अन् मी मधात बोललो नाई. मधात बोलाले गेलो का फांदी हाले.

चाचानं दोन कागद काढले. एका विम्यात घर अन् सामान, आग लागली, वादळ आलं तं. दुसऱ्यात ते तं होतंच, वरून आपल्या घराच्या चुकीनं पाव्हन्याले लागलं तं दवाखान्याचा अन् कोर्टाचा खर्च. चाचा काय काय भेटन ते सांगाले लागले. बायको म्हनली, "ते मंग सांगा. काय भेटनार नाई, ते पयले वाचा."

चाचाचा चहा हातातच राह्यला. म्हने, "इतकी वर्षं विमे करून राह्यलो, हे कोनी विचारलं नाई."

मले वरून ओरडून सांगा वाटलं का बायको माही हाय ते. फांदीमुळं गप बसलो.

"माकडानं कवेलू फोडले तं?"

"नाई भेटन."

"मंग तिथी टिन टाकू. अस्वल?"

"तुमी पाव्हन्याले आधी सांगतलं होतं का नाई, हे विचारतीन."

"भिंतीवरच लिवते. अन् न्हानीत खरखरीत फरशी लावू, धराले दांडा लावू." तिनं एक एक गोष्ट अशी उचलली, जसं भाजी निवडून राह्यली. मंग आवाज बारीक करून विचारलं, "अन् हे मचान?"

चाचानं वर पाह्यलं. मी नमस्कार केला.

"बाई, असं मचान पाहून कोनतीच कंपनी हो म्हननार नाई. अन् लपवलं तं समजा सगळाच विमा गेला."

तिले माहीत होतं का त्या मचानात माहा किती जीव हाय. तिनं तिथल्या तिथी ठरवलं असतं तं मी काय करनार होतो, निसनी बी नव्हती. पन तिनं मान वर केली. "अजी, तुमी सांगा. मचान का घर?"

इतके दिवस मी मचानावर बसलो का तोंड जंगलाकडं करून बसे. त्या दिवशी पयल्यांदा मुंडी वळवून घराकडं पाह्यलं. वरून सगळं दिसे. तिनं बदललेले कवेलू वेगळ्या रंगाचे दिसून राह्यले. पाव्हन्यायच्या चादरी दोरीवर एका रांगेत. भिंतीले नवा गेरू. दरवाज्यावर तिनं सरळ केलेला बोर्ड. एवढं तिनं कवा केलं? मी तं घरीच असतो.

"घर," म्या म्हनलं. "पन पयले निसनी आना."

निसनी याले लय उशीर लागला. शेवटी शेजाऱ्याची आनली. खालून तिनं दोन्ही हातानं धरली, मी उतरलो. चाचानं दोन-तीन ठिकानी सही मांगतली, म्या केली. सही येते मले, वाचता येत नाई. त्याच आठवड्यात मचान उतरवलं. त्याच्या फळ्यायचा बाक केला अन् मोहाखाली ठेवला. त्याच्यावरून पडाचं म्हनलं तरी मानसाले मेहनत करा लागते.

पुढच्या पावसाळ्यात नागभीडची एक म्हातारी बाई न्हानीत घसरली. दांडा हाती लागला म्हनून मनगट मोडन्यावरच निभावलं. बायको तिच्यासंगं दवाखान्यात बसून राह्यली. कंपनीचा मानूस आला. फरशी पाह्यली, दांडा पाह्यला, पाव्हने पैसे देते का विचारलं. कागदावर जे होतं तेच घरात होतं. उशिरा भेटले, पन पैसे भेटले. चाचा माह्याकडं पाहून म्हने, "साळ्याची मंडळी लिवली असती तं आज घराले गिऱ्हाइक शोधत असते भाऊ."

मंग माहा नंबर लागला. माकडायसाठी टिन ठोकाले चढलो अन् टिनासंगट खाली आलो. पाय मोडला. पाय प्लास्टरात, मी बाकावर. चाचा भेटाले आले तवा म्या हळूच विचारलं, "आपल्या विम्यात माहं काही बसते का?"

"तो पाव्हन्यायचा हाय. मालकाचं पडनं त्याच्यात येत नाई." मंग त्याईनं थैलीतून दुसराच कागद काढला. "याच्यात येते. हा तुमचा अपघाताचा. बाईनं त्याच दिवशी काढला. निसनी याले उशीर काऊन लागला, वाटते तुमाले?"

चाचा गेल्यावर म्या बायकोले विचारलं, "मी पडनार हे तुले कसं माहीत?"

ती माह्या पायाखाली उशी सरकवून राह्यली होती. म्हने, "चाचानं विचारलं होतं, घरात सगळ्यात जास्त पडनारी चीज कोनती. म्या वर पाह्यलं."